कूलर चालू आहे

"चालू करा ना मग," नागपूरहून गंगाधरराव वैरागडे स्क्रीनवरून म्हणाले.

"चालूच आहे सर," यशदीप म्हणाला.

"तुमचा नाही हो. तो जुना, पत्र्याचा. तो चालू करा म्हनलं. फरक समजला पाहिजे न आम्हाले."

"जुनाच चालू आहे सर."

गंगाधररावांनी कान लॅपटॉपला लावला. काही क्षण स्क्रीनवर फक्त एक भलामोठा कान दिसत राहिला. मग कान गेला आणि चेहरा परत आला. "मग जुनाही चांगलाच आहे की. काही आवाज नाही त्याले."

रायपूरच्या गुढियारी भागातल्या त्या घराच्या बैठकीत जुना कूलर तेव्हा असा काही गरजत होता, की भिंतीवरचं कॅलेंडर थरथरत होतं. त्याचं बटण हाताने दाबून धरावं लागे, म्हणून यशदीपचे वडील हिरालाल बटणावर अंगठा ठेवून उभे होते. लॅपटॉपसमोर बसलेल्या साक्षीला स्वतःचं बोलणंही ऐकू येत नव्हतं. आणि नागपूर, पुणे, बंगळूर इथे बसलेल्या तिन्ही गुंतवणूकदारांच्या मते दोन्ही कूलर सारखेच शांत होते.

"मग नवीन काहून घ्यायचा?" गंगाधररावांनी विचारलं, आणि खरं सांगायचं तर प्रश्न अगदी रास्त होता.

यशदीप हा साक्षीचा धाकटा भाऊ. रायपूरजवळच्या सिलतऱ्यातल्या एका स्पंज आयर्नच्या कारखान्यात तो इंजिनियर होता. चांगली लागलेली नोकरी सोडून त्याने तिथेच एक शेड भाड्याने घेतली आणि दोन वर्षं एकाच गोष्टीच्या मागे लागला: आवाज न करणारा कूलर. पंख्याची पाती बदलली, मोटर बदलली, पंपाखाली रबर घातलं, आणि शेवटी असा कूलर तयार केला की तो चालू आहे हे केवळ गार वाऱ्यावरूनच कळावं. आता तो मोठ्या प्रमाणावर बनवायचा तर पैसा हवा होता. उन्हाळा सुरू झाला होता. या हंगामात पैसा उभा राहिला नाही तर शेड सोडायची आणि कारखान्यात परत जायचं, असं त्याने आईला कबूल केलं होतं. कारखान्यातल्या साहेबांचा तर अधूनमधून फोनही येई, "आ रहे हो ना?" असा.

साक्षी शंकर नगरमधल्या एका इव्हेंट कंपनीत होती. लग्नं, व्यापाऱ्यांचे मेळावे, दुकानांची उद्घाटनं असं सगळं तिने सांभाळलं होतं. त्यामुळे गुंतवणूकदारांसाठी ऑनलाइन कार्यक्रम घ्यायचं ठरलं, तेव्हा ते काम आपोआप तिच्याकडे आलं. प्रत्यक्ष बोलावण्यात अर्थ नव्हता. कूलर किती चांगला आहे हे समजायला एप्रिलातल्या रायपूरसारखी जागा नाही. पण नेमक्या त्याच कारणासाठी एप्रिलात रायपूरला यायला कोणी तयार नव्हतं. साक्षीने तीन कार्यक्रम आखले. पहिल्यात ओळख आणि कूलरचं प्रात्यक्षिक, दुसऱ्यात खर्चाचा तपशील, तिसऱ्यात निर्णय. बरीच फोनाफोनी करून तीन माणसं पक्की झाली. गंगाधरराव वैरागडे हे नागपूरचे पंखे-कूलरचे ठोक व्यापारी. पुण्याच्या सरोजिनीबाई एका गुंतवणूक करणाऱ्या गटाच्या प्रमुख. आणि बंगळूरच्या एका फंडाचा अच्युत. हा कधीच कॅमेरा चालू करत नसे. त्याच्या जागी स्क्रीनवर एक जांभळा गोल असे आणि गोलात 'अ'.

पहिल्या कार्यक्रमाची अशी वाट लागल्यावर साक्षीने अख्खा दिवस इंटरनेटवर घालवला, तेव्हा कारण सापडलं. कॉलच्या अ‍ॅपमध्ये एक सोय होती. पंखा, कूलर, मिक्सर यांचा एकसुरी आवाज कुणाला नको असतो, म्हणून अ‍ॅप तो आपणहून गाळून टाकत होतं.

"म्हणजे?" यशदीपने विचारलं.

"म्हणजे तू दोन वर्षं जे केलं, ते अ‍ॅप फुकटात करून राहिलं," साक्षी म्हणाली.

यशदीपने आधी उठून दार लावलं. मग म्हणाला, "दीदी, ये बात किसी इन्व्हेस्टर को मत बताना."

दुसरा कार्यक्रम आता खर्चाचा राहिला नाही. पुन्हा प्रात्यक्षिकच करावं लागणार होतं. साक्षीने तिघांना माफीचे मेसेज पाठवले, रविवारची सकाळ ठरवली आणि अ‍ॅपमधली ती सोय बंद करून रंगीत तालीम घेतली. दुसऱ्या टोकाला ऑफिसमधल्या एका मैत्रिणीला बसवलं.

"कूलर ऐकू येत नाहीये," मैत्रीण म्हणाली.

"छान!"

"पण कोणीतरी स्कूटर रेस करतंय. कुकरची शिट्टी झाली. कांदे-बटाटे आलेत. आणि आता भूकंप होतोय का गं?"

"मालगाडी आहे," साक्षी थकून म्हणाली.

सिलतऱ्याच्या शेडमधून कार्यक्रम करायचा तर शेजारच्या कारखान्याचा आवाज आणि काळी धूळ. साक्षीच्या ऑफिसातून करायचा तर रविवारी ऑफिस बंद. म्हणजे घरच. तेव्हा साक्षीने एकेक आवाज हातात घेतला. भाजीवाल्याला गल्ली बदलायला सांगितलं. शेजारचे धर्मपालकाका दर रविवारी अंगणात स्कूटर उघडून बसत. ती त्यांच्याकडे गेली.

"जय भीम काका. या रविवारी स्कूटर नका नं दुरुस्त करू."

"मग मी काय करू?" काकांनी खऱ्या काळजीने विचारलं.

"आराम करा."

"घरात बसलो तर तुझी काकू कामं सांगते. म्हणून तर स्कूटर उघडतो मी. नाहीतर काय बिघडलं आहे तिचं?"

अखेर त्या दिवशी काकांनी काकूंना घेऊन मुलीकडे जायचं ठरलं, आणि गाडीभाडं साक्षीने द्यायचं कबूल केलं.

"मालगाडीचं कंट्रोलले फोन करून पाहू काय?" हिरालालनी विचारलं. रेल्वेच्या वर्कशॉपमधून ते निवृत्त झाले होते आणि रेल्वे अजूनही आपलं ऐकते असं त्यांना वाटे.

"बाबा, तुम्ही काही करू नका."

"बरं. दोन-चार लोक ओळखीचे होते म्हनून म्हनलं."

मग साक्षीने माइक आणला. लॅपटॉपच्या माइकवर तिचा भरवसा उरला नव्हता. ब्राह्मणपाऱ्यातल्या एका लग्नाच्या शूटिंगवाल्याकडे ओळख होती, त्याने आपला सगळ्यात भारी माइक काढून दिला. "दीदी, टाचणी गिरेगी तो भी सुनाई देगा," तो म्हणाला. साक्षीला तेच हवं होतं. कूलरच्या अगदी शेजारी असा माइक ठेवायचा आणि त्यातून काहीच ऐकू गेलं नाही, तर पुढे बोलण्याची गरजच नव्हती.

उरली आई. कलावतीबाई आणि शांतता या दोन गोष्टी एका घरात नांदल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"आई, रविवारी स्वयंपाक सकाळीच उरकून टाक. मग कार्यक्रम होतपर्यंत तू अन् बाबा स्वयंपाकघरात बसा. भांडं हलवायचं नाही, टीव्ही नाही, फोन नाही."

"मग मी काय करू आतमध्ये?"

"काहीच नको करू."

कलावतीबाईंनी लेकीकडे रोखून पाहिलं. "लग्न होऊन आली तेव्हापासून या घरात असं कोणी म्हनलं नाही मले," त्या म्हणाल्या. त्या खूश झाल्या की नाराज, ते साक्षीला कळलं नाही.

रविवारी सगळं वेळेवर सुरू झालं. गल्ली शांत होती. धर्मपालकाकांच्या घराला कुलूप होतं. एक मालगाडी नुकतीच गेली होती, म्हणजे आता थोडी उसंत होती. हिरालालनी जुन्या कूलरच्या बटणावर अंगठा दाबला आणि माइकमधून ती घरघर तिन्ही शहरांत जाऊन आदळली. गंगाधररावांनी दोन्ही हातांनी कानातले इअरफोन उपटले. सरोजिनीबाई खुर्चीत मागे सरकल्या. जांभळा गोल गोलच राहिला, पण चॅटमध्ये त्याने लिहिलं, "बंद करा."

"आता आपला नवीन कूलर," साक्षी म्हणाली, आणि यशदीपने तो लावला.

काहीही ऐकू आलं नाही. यशदीपच्या कपाळावरचे केस वाऱ्याने मागे उडाले, पडदा फुगला, पण आवाज नाही. गंगाधररावांनी मान डोलावली. हिरालाल आपलं काम संपलं म्हणून समाधानाने मधल्या खोलीतून स्वयंपाकघरात गेले. यशदीप माहिती सांगू लागला. साक्षी खोलीच्या दुसऱ्या टोकाला कानात इअरफोन घालून बसली आणि एकेक स्लाइड पुढे सरकवू लागली. कित्येक दिवसांनी तिचे खांदे सैल झाले.

स्वयंपाकघरात कलावतीबाईंनी बराच वेळ काहीच केलं नव्हतं. त्यांची सहनशक्ती संपत आली होती. मघाशी पडद्याच्या फटीतून त्यांनी लॅपटॉप पाहून घेतला होता.

"तो नागपूरवाला पाहिला काय?" त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या. "पंगतीत बसल्यासारखा बसून आहे. ताट मांडून."

"हळू बोल," हिरालाल म्हणाले.

"हळूच बोलून राहिली. अन् ती पुण्याची बाई एकदाही हसली नाही. दात दुखते काय तिचे, कोन जाने. अन् तो गोल. गोल म्हनजे काय माणूस आहे काय? आपला पोट्टा बिचारा त्या गोलाले सर-सर म्हनून राहिला."

"कलावती, चूप बस."

कलावतीबाईंनी तोंड फिरवलं. मग अगदी ओठांतल्या ओठांत, "चूप बस म्हने. जनमभर चूपच बसली मी."

"काय म्हनली?"

"काही नाही."

"ऐकलं मी. मागच्या महिन्यापासून पाहून राहिलो, तू सारखी पुटपुटत राहते. आधी नव्हती असं करत."

"आधीही करत होती. तीस वर्षं झाली. तुमच्या त्या डब्ब्याच्या घरघरीत तुम्हाले ऐकू येत नव्हतं. आता पोट्ट्यानं हा मुका कूलर आणून ठेवला, तर आलं ऐकू."

हिरालालनी एकदा पडद्याकडे पाहिलं. मग त्यांनी फार सावधपणे विचारलं, "तीस वर्षं काय म्हनत होती तू?"

"सांगू?"

इकडे बैठकीत यशदीप पाण्याच्या बचतीचा तक्ता समजावून सांगत होता. साक्षीच्या लक्षात आलं की गंगाधररावांचे खांदे गदगदा हलताहेत. तक्त्यात हसण्यासारखं काय आहे ते तिला कळेना. तेवढ्यात चॅटमध्ये जांभळ्या गोलाचा मेसेज आला: "प्लीज, त्यांना सांगू द्या."

कोणाला? काय? साक्षीने गोंधळून यशदीपकडे पाहिलं. यशदीप बोलतच होता. आईची पुटपुट त्याच्या कानावर पडत होती, पण ती तर रोजचीच. तिच्याकडे लक्ष द्यायची त्याला सवय नव्हती.

"एक मिनिट हो इंजिनियर साहेब," गंगाधरराव डोळे पुसत म्हणाले. "तुम्ही थोडे थांबा. आतमध्ये काय चालू आहे ते ऐकू द्या आम्हाले."

साक्षीने इअरफोन असा ओढला, की पिनच लॅपटॉपमधून निघाली आणि आवाज खोलीत येऊ लागला. कूलरशेजारच्या माइककडे पाहिलं. स्वयंपाकघराकडे पाहिलं. एका क्षणात सगळा उलगडा झाला. तिचा हात म्यूटच्या बटणाकडे धावला.

"म्यूट करू नका," सरोजिनीबाई म्हणाल्या. एवढ्या वेळात त्या पहिल्यांदाच बोलल्या होत्या आणि त्यांच्या आवाजात असं काही होतं की साक्षीचा हात हवेतच थांबला. "मला एक विचारायचंय. कूलर आत्ता चालू आहे?"

"हो मॅडम," यशदीप म्हणाला. "फुल स्पीड."

"आणि तुमचं स्वयंपाकघर केवढ्या अंतरावर आहे?"

"बीच में एक कमरा आहे मॅडम. अन् पडदा."

सरोजिनीबाईंनी चष्मा काढला. "चालू कूलरच्या शेजारी माइक, आणि दोन खोल्या पलीकडची कुजबुज मला पुण्यात ऐकू येतेय."

त्यांना काय म्हणायचंय हे लक्षात यायला साक्षीला थोडा वेळ लागला. आलं, तेव्हा तिला वाटलं की उठून आईला मिठी मारावी. दोन वर्षांची मेहनत, एवढ्या स्लाइड, तो भारी माइक, यातल्या कशालाच जे जमलं नव्हतं ते आईच्या कुजबुजीने करून दाखवलं होतं. यशदीपचाही चेहरा फुलला. तो काहीतरी बोलणार, एवढ्यात स्वयंपाकघरातून पुन्हा तो हळू, स्पष्ट आवाज आला.

"अन् त्या लोकांले हेही सांगा म्हना, की खाली परात ठेवली आहे. सकाळीच रिकामी केली मी, आता पुन्हा भरली असंन. गळून राहिला तो कूलर."

स्क्रीनवर त्या वेळी जी स्लाइड होती तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'देखभाल जवळजवळ शून्य.'

"गळतो?" सरोजिनीबाईंनी विचारलं.

साक्षीने डोळे मिटून घेतले. नाही म्हणायला कितीतरी मार्ग होते. इतकी वर्षं इव्हेंटच्या धंद्यात काढून तिला ते पाठ झाले होते. पण यशदीप खाली वाकला, कूलरखालून परात ओढली आणि दोन्ही हातांनी उचलून लॅपटॉपपाशी आणून कॅमेऱ्यासमोर धरली. ती खरोखरच काठोकाठ भरली होती. थोडं पाणी कीबोर्डवर सांडलं.

"हव मॅडम. गळते," तो म्हणाला. "टाकी भरली की पाणी बंद करायले आत एक फ्लोट आहे, तो आमच्या इकडच्या पाण्यानं जाम होऊन राहिला. दुसरा बनवून घेतला, पण तो अजून आला नाही. तुम्हाले सांगायले पाहिजे होतं."

लॅपटॉप पालथा करून पुसत असताना साक्षीला एवढंच वाटत होतं, की आता बस. यापुढे आणखी काय वाईट व्हायचं राहिलंय? तेवढ्यात पडदा बाजूला सारून कलावतीबाई बाहेर आल्या. बाहेर आपलंच नाव निघतंय असं त्यांना वाटलं होतं. पुन्हा सरळ ठेवलेल्या स्क्रीनवर दोन माणसं आणि एक गोल त्यांच्याकडेच पाहत होते.

"ऐकू गेलं काय सगळं?" त्यांनी साक्षीला विचारलं.

"सगळं नाही," गंगाधररावांनीच उत्तर दिलं. "ते 'सांगू' वर अटकलं."

कलावतीबाईंनी पदर तोंडाला लावला. मग थोडं पुढे होऊन त्या सरोजिनीबाईंना म्हणाल्या, "दाताचं मनावर घेऊ नका बाई. सहज म्हनलं."

"अहो, दाढच दुखतेय माझी," सरोजिनीबाई म्हणाल्या. "सकाळपासून. पुढच्या आठवड्यात काढायचीय."

कार्यक्रम तिथेच संपला. सरोजिनीबाईंनी कळवू म्हणून सांगितलं. गंगाधररावांनी एक कूलर नमुना म्हणून नागपूरला पाठवायला सांगितलं, आणि "नवीन फ्लोट लावून बरं का" असंही म्हणाले. जांभळा गोल निरोप न घेताच नाहीसा झाला.

"इतकी माणसं गप्प केली मी," साक्षी आईला म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "भाजीवाला गप्प केला. धर्मपालकाकांले गावाबाहेर पाठवलं. अन् तू? एका खोलीत थोडा वेळ चूप बसवलं नाही तुले?"

"मी पुटपुटत होती. पुटपुटणं म्हनजे बोलणं नाही."

"पुण्याले ऐकू गेलं ते, आई!"

"ते पुण्याच्या बाईचे कान चांगले आहे, त्यात माझी काय चूक?"

यशदीप यात पडलाच नाही. तो कूलर उघडून बसला होता. नवीन फ्लोट दुसऱ्या दिवशी आला, तो बसला, आणि गळणं थांबलं. नमुन्याचा कूलर ट्रान्सपोर्टने नागपूरला गेला. मग आठवडा गेला तरी कुणाकडून काही नाही. साक्षी रोज मेसेज लिही आणि खोडी. कारखान्यातल्या साहेबांचा पुन्हा फोन आला आणि या वेळी यशदीप "देखता हूँ सर" म्हणाला. आधी तो "नाही" म्हणायचा. साक्षीने ते ऐकलं आणि ती ऑफिसला गेली. त्या दिवशी एका साड्यांच्या दुकानाच्या उद्घाटनात ती फीत विसरली. असं तिच्याकडून आजवर कधी झालं नव्हतं.

तिसरा कार्यक्रम तिने ठरल्याप्रमाणे ठेवला. कुणी येईल अशी आशा नव्हती, पण आखलेला कार्यक्रम न घेणं तिच्या स्वभावात बसत नव्हतं. आई-बाबांना तिने सकाळीच विहारात वंदनेला पाठवलं आणि दुपारपर्यंत येऊ नका म्हणून बजावलं. स्वयंपाकघराला बाहेरून कडी घातली, आत कोणी नसतानाही.

तिघंही आले. गंगाधरराव बरेच थकलेले दिसत होते. डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती.

"कूलर कसा वाटला सर?" यशदीपने विचारलं.

"कूलरले नाव ठेवायले जागा नाही," गंगाधरराव म्हणाले. ते हळू आवाजात बोलत होते आणि मधेमधे मागे वळून पाहत होते. "गळत नाही. थंडा तर असा, की चादर घ्यावी लागते. पण भाऊ, तुम्ही माझ्या घराचं वाटोळं केलं."

साक्षीच्या हातातला पेन खाली पडला. "काय झालं सर?"

"माझ्या घरात आई आहे, बायको आहे, दोन सुना आहे. आजपर्यंत मले वाटत होतं, सगळ्याइचं चांगलं जमते. कूलर लागला तेव्हापासून एकेकीचं म्हणणं कानी पडून राहिलं. आई सुनांबद्दल काय म्हणते, सुना एकमेकींबद्दल काय म्हणते, अन् चौघी मिळून माझ्याबद्दल काय म्हणते, सगळं समजलं मले. बरं, मी ऐकतो तर त्याही ऐकते. परवा मी हळूच फोनवर एका मित्राले तीर्थाच्या नावानं गोव्याले जायचं सांगितलं. बायको दुसऱ्या खोलीतून म्हनते, मीही येते."

"सॉरी सर," साक्षी म्हणाली. आता कूलर परत मागवायचा खर्च कोण करणार, याचा ती विचार करू लागली होती.

"सॉरी काहून म्हणून राहिल्या? पैसे टाकतो मी," गंगाधरराव म्हणाले. "जेवढे म्हनले होते त्याच्या दुप्पट. पण एक अट आहे. याले एक बटण पाहिजे."

"कशाचं बटण सर?" यशदीपने विचारलं.

"आवाजाचं."

"म्हणजे आवाज बंद करायचं? तो तर आधीच..."

"चालू करायचं! घर्रर्र. जुन्या डब्ब्यासारखा. घरात जेव्हा बोलायचं काम पडंन तेव्हा दाबलं, की झालं. झोपताना बंद."

यशदीपचा चेहरा लाल झाला. "सर, दोन वर्षं एकेक आवाज पकडून पकडून बाहेर काढला मी. आता तोच परत..."

साक्षीने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. "होईल सर," ती म्हणाली.

"आमच्या गटाचंही हेच मत आहे," सरोजिनीबाई म्हणाल्या. दाढ काढल्यामुळे त्यांचा एक गाल सुजला होता आणि शब्द जड येत होते. "शांत कूलर बाजारात आणखीही येतील. पण माणसाला हवा तेव्हाच गोंधळ करणारा कूलर कुणाकडे नाही."

त्याच वेळी स्क्रीनवरचा जांभळा गोल नाहीसा झाला आणि त्याच्या जागी चष्मा घातलेला, दाढी वाढलेला एक तरुण दिसू लागला. तो एका स्नानगृहात, बादली उपडी घालून तिच्यावर बसला होता.

"मी अच्युत," तो कुजबुजला. "आमचाही होकार समजा. सासूबाई राहायला आल्यात दोन महिन्यांसाठी. पहिला तयार होईल तो इकडे पाठवा." आणि तो पुन्हा गोल झाला.

कॉल संपला. पैसा उभा राहिला होता. शेड सोडायची नव्हती, कारखान्यात परत जायचं नव्हतं. तरी यशदीप कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखा बसला होता.

"आवाज टाकायचा," तो स्वतःशीच म्हणाला. "दीदी, मी काय तोंड दाखवू लोकांना? इंजिनियर आहे मी."

"टाक," साक्षी म्हणाली. तिने लॅपटॉप फटकन मिटला. "मोठा टाक. मालगाडीएवढा टाक. मले काही विचारू नको आता."

दुपारी हिरालाल आणि कलावतीबाई घरी आले. बातमी ऐकून कलावतीबाईंनी यशदीपच्या गालावरून हात फिरवला, देवळीतला दिवा लावला आणि गोड काहीतरी करायला स्वयंपाकघरात गेल्या. हिरालाल व्हरांड्यात खुर्ची टाकून पेपर उघडून बसले. यशदीप कूलरसमोर जमिनीवर बसून कागदावर बटणाची जागा ठरवत होता. कुणालाही वाकावं लागू नये म्हणून त्याने शेवटी रिमोटच द्यायचं ठरवलं.

थोड्या वेळाने कलावतीबाई साखरेचे हात पुसत बाहेर आल्या. व्हरांड्याकडे एकदा पाहिलं, मुलाच्या शेजारी वाकल्या आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाल्या, "तो रिमोट तयार झाला की मले देशील. तुझ्या बाबाले सांगू नको."

व्हरांड्यात पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला.

"दोन बनव रे," हिरालाल तिथूनच म्हणाले.